दशांशानंतरचे सात आकडे

गोळीबार चौकात माझं दुकान.
दोन संगणक, एक प्रिंटर
आणि भिंतीवर गेल्या वर्षीच्या कटऑफची झेरॉक्स,
जिच्यावर इतकी बोटं फिरलीत
की कॉम्प्युटरची ओळ पार पुसून गेली आहे.

सीईटीचा निकाल लागतो तेव्हा
नागपुरात सगळंच दशांशात चालू असतं.
काल पंचेचाळीस पूर्णांक आठ.
आज, मृग लागून आठवडा झाला तरी, चव्वेचाळीस पूर्णांक तीन.
पारा सांगताना लोकांचा आवाज जरा फुगतो.
पोरं मात्र कागद उलटा धरून रांगेत उभी.

हर्षाली निमजे : एकोणनव्वद पूर्णांक
शून्य चार सात तीन आठ एक नऊ.
मी एकेक आकडा वाचला, शेवटचा नऊसुद्धा,
कारण शेवटच्या आकड्यानं गेलेली सीट
मी या खुर्चीत बसून पाहिली आहे.

तिचे बाबा रस्त्यापलीकडे कूलर बनवतात.
त्यांनी विचारलं, "शंभरातून एकोणनव्वद भेटले?"
नाही भाऊ, म्हटलं,
शंभरातली एकोणनव्वद पोरं तिच्या मागं आहेत.
त्यांनी वळून दाराकडे पाहिलं.
एक गाय होती, आणि बंद पडलेला रसवंतीचा गाडा.
"कोनती पोरं?"

मग मी समजावायला बसलो :
सकाळचा पेपर सोपा, दुपारचा कठीण,
वर कुठंतरी सगळं सारखं करतात,
गवंडी पाण्याची नळी धरून भिंतीची लेव्हल काढतो तसं.
"आन् हिचा कम्प्युटर अकरा मिनिटं बंद होता, ते?
ते नळीत येते का?"
हिंगणा रोडच्या सेंटरवरच्या त्या अकरा मिनिटांसाठी
वेबसाइटवर रकाना नाही.
मी शोधला होता.

एक मात्र कबूल करतो.
आमच्या वेळी चिठ्ठी चालायची, कोणाचा तरी मामा चालायचा.
मी दोनशे सत्तेचाळीस मार्कांवर राहिलो
आणि दोनशे तीसवाला इंजिनिअर होऊन
मानेवाड्यात दोन मजली घर बांधून बसला.
हा आकडा तसा नाही, कोणाच्या ओळखीनं येत नाही.
पण तो कोणाला ओळखतही नाही.

पसंतीक्रमाचा तिसरा पर्याय भरत होतो
आणि दुकानातला कूलर घरघरून थांबला.
हर्षाली उठली. मागची जाळी काढली,
पंख्याला बोटानं एक गिरकी दिली, कान लावला.
"मोटर चांगली हाय काका, कपॅसिटर गेला."
रस्ता ओलांडून गेली, घेऊन आली,
दातात स्क्रू धरून बसवला.
तेवढ्यात साइटनं आम्हाला बाहेर काढलं :
आपला वेळ संपला आहे, पुन्हा लॉगिन करा.

पुन्हा केलं. पुन्हा ते वेडेवाकडे इंग्रजी अक्षर,
जे ओळखून आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचं.
ते तिनं पहिल्या फटक्यात ओळखलं, मला दोनदा चुकलं.

"पहिल्या नंबरवर सरकारी टाकू? इलेक्ट्रिकल?"
भिंतीकडे न बघताही मला माहीत होतं,
गेल्या वर्षी ते त्र्याण्णवला बंद झालं.
तिलाही माहीत होतं.
टाक, म्हटलं. टाकायला पैसे लागत नाहीत.

वाळ्याचा ओला वास पुन्हा दुकानभर झाला
आणि झेरॉक्सचा सुटलेला कोपरा फडफडू लागला.
पावती निघाली. तिचे बाबा म्हणाले,
"फॉर्मचे पन्नास. कपॅसिटरचे साठ. बरोबर?"
बरोबर.
मी गल्ल्यातून दहाची नोट काढून दिली,
त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, खिशात घातली.

"पुढचा कोण आहे?"
एक पोरगा पुढे आला.
कागद अजून उलटाच.